‘ऑबा कोसो’ : एका जयघोषाची चिकित्सा

१

नायजेरिया देशाच्या नैर्ऋत्य भागातील ओयो नगरात दर वर्षी ऑगस्ट महिन्यात शांगो देवतेचा उत्सव भरतो. शांगो हा योरुबा लोकांचा मेघगर्जनेचा आणि विजेचा देव. परंपरा त्याला ओयोच्या प्राचीन राजांपैकी एक मानते. त्यामुळे ओयोचा राजा, ज्याला ‘अलाफिन’ म्हणजे राजवाड्याचा धनी म्हणतात, तो ह्या उत्सवाचा केवळ यजमान नसतो. तो देवाच्या गादीचा वारसही असतो. लाल वस्त्रे ल्यालेला, स्त्रीप्रमाणे केसांच्या वेण्या घातलेला ‘एलेगुन’ अंगात देव संचरला की नाचू लागतो. मराठीत देव अंगात ‘येतो’. योरुबात तो माणसावर ‘आरूढ’ होतो, आणि ‘एलेगुन’ ह्या शब्दात आरूढ होण्याचाच धातू आहे. शांगोचे चिन्ह म्हणजे ‘ओशे’, दुतोंडी परशूच्या आकाराचा दंड. त्याचे वाद्य म्हणजे ‘बाता’ नावाचे ढोल. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत ह्या उत्सवाचा समावेश केला, आणि तेव्हापासून त्याची दृश्ये दूरदूरच्या वाचकांनाही परिचित होऊ लागली आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय ही दृश्ये नव्हेत. विषय आहे तो शांगोच्या नावाने होणारा एक जयघोष : ‘ऑबा कोसो’. ‘ऑबा’ म्हणजे राजा, याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढील दोन अक्षरांविषयी. ‘कोसो’ हा एक शब्द मानला तर ते एका स्थानाचे नाव ठरते, आणि घोषाचा अर्थ होतो ‘कोसोचा राजा’. तीच अक्षरे ‘को सो’ अशी फोडली तर ‘को’ हा निषेधवाचक शब्द व ‘सो’ हे क्रियापद ठरते, आणि अर्थ होतो ‘राजाने गळफास घेतला नाही’. पहिल्या वाचनात ती पदवी आहे, दुसऱ्यात साक्ष. पहिल्या वाचनाने भक्त देवाला हाक मारतो. दुसऱ्याने तो देवावरील एका आरोपाचे खंडन करतो. एकाच उत्सवाच्या गाभ्याशी असलेल्या चार अक्षरांचे इतके भिन्न अर्थ होत असतील, तर त्यांपैकी कोणता ग्राह्य धरावयाचा हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. ह्या उत्सवाच्या मुळाशी राजसत्तेची एक पदवी आहे की एका आत्मघातावर घातलेले पांघरूण आहे, हे त्या उत्तरावर अवलंबून राहते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. प्रस्तुत लेखकाने पदव्युत्तर वर्गात अनेक वर्षे ह्या घोषाचा अर्थ ‘राजाने गळफास घेतला नाही’ असाच सांगितला, आणि तो पर्याय नसून सिद्ध अर्थ आहे अशा थाटात सांगितला. एका विद्यार्थ्याने ‘मग कोसो हे गाव कोठले?’ असे विचारले तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

२

निषेधाचे वाचन रूढ होण्यास दोन कृती विशेष कारणीभूत झाल्या. पहिली सॅम्युएल जॉन्सन यांचा योरुबांचा इतिहास. जॉन्सन हे ओयो येथे काम करणारे योरुबा ख्रिस्ती धर्मोपदेशक. त्यांचे लेखन १८९७ मध्ये पूर्ण झाले. ते १९०१ मध्ये वारले. मूळ हस्तलिखित गहाळ झाल्यामुळे त्यांच्या बंधूंनी टिपणांच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला आणि तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन्सन यांच्या कथेनुसार शांगोने वीज पाडण्याच्या एका मंत्रसिद्ध द्रव्याचा प्रयोग केला. वीज त्याच्याच वाड्यावर कोसळून त्याचे कुटुंब नष्ट झाले. शोकाने त्याने राज्य सोडले, अनुयायी एकेक करून परतले, आणि अखेर त्याने गळफास घेतला. मागे राहिलेल्या मित्रांना लोकांची कुचेष्टा सोसवेना. त्यांनी परमुलुखातून वीज आकर्षण्याची विद्या मिळविली आणि निंदकांच्या घरांवर आगी पडू लागल्या. तेव्हा ‘राजाने गळफास घेतला’ म्हणणाऱ्यांना ‘राजाने गळफास घेतला नाही’ असे म्हणणे भाग पडले. ह्या कथेप्रमाणे पाहिले तर पुरोहितवर्ग, पूजाविधी आणि घोष हे तिन्ही एका धाकदपटशातून जन्मास आले.

दुसरी कृती म्हणजे दुरो लादिपो यांचे ‘ऑबा को सो’ हे संगीत नाटक. लादिपो (१९३१–१९७८) यांनी ते १९६३ मध्ये ओशोग्बो येथे रंगभूमीवर आणले आणि शांगोची भूमिका स्वतः केली. १९६४ मध्ये बर्लिन येथील नाट्यमहोत्सवात ते सादर झाले आणि आफ्रिकेबाहेरील प्रेक्षकांस शांगो प्रथम भेटला तो बहुतांशी ह्या नाटकातूनच. येथे विनाशाचे कारण वेगळे आहे. तिमी आणि ग्बोंका ह्या दोन बलाढ्य सेनापतींना एकमेकांशी झुंजविण्याचा राजाचा डाव त्याच्यावरच उलटतो. संतापाच्या भरात तो आपल्याच प्रजेचा संहार करतो. राणी ओया त्याला सोडून जाते आणि तो प्राणत्याग करतो. शेवटी तोच घोष उठतो. भाषाशास्त्रज्ञ आर. जी. आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी यांनी ह्या नाटकाची संहिता लिप्यंतरित व अनुवादित केली, तेव्हा शीर्षकाचा अनुवाद ‘राजाने गळफास घेतला नाही’ असाच केला.

ह्या दोन्ही कृतींच्या विरुद्ध एक महत्त्वाचा आवाज उठला तो आकिन्वुमी इशोला यांचा. इशोला (१९३९–२०१८) हे योरुबा भाषेतील नाटककार आणि शांगोच्या स्तोत्रवाङ्मयाचे अभ्यासक. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी शांगोच्या आत्मघाताची कथा ही धार्मिक राजकारणाची निर्मिती आहे असा पक्ष मांडला. देवाला आत्मघातकी ठरविणे हे त्याचे देवत्व हिरावून घेण्याचे साधन होते, आणि ते ख्रिस्ती प्रचाराच्या सोयीचे होते, हा त्यांचा रोख. ह्या पक्षाने चर्चेची दिशा बदलली हे मान्य केले पाहिजे. तोवर घोषाचा अर्थ कथेवरून लावला जात होता. इशोलांनी कथा कोणाच्या उपयोगाची होती हे विचारले. तथापि कोणाला उपयोगी पडली, यावरून कोणी निर्माण केली हे सिद्ध होत नाही. दोन्ही बाजूंनी साक्षीदारांची उलटतपासणी झाली. खुद्द वाक्याची मात्र पुरेशी झाली नाही. ती व्याकरणाच्या अंगाने करून पाहू.

३

योरुबा ही स्वराघाताच्या चढउतारावर अर्थ ठरविणारी भाषा आहे. तिच्यात उच्च, मध्य आणि नीच असे तीन सूर आहेत. वैदिक उदात्तादी संज्ञा येथे लावण्याचा मोह आवरावा. वेदात सूर बहुधा पदाच्या घटनेशी निगडित असतो, योरुबात तो व्यंजनाइतकाच शब्दभेदक आहे. अशा भाषेत दोन वाचने सुराने वेगळी होत असतील अशी अपेक्षा साहजिक आहे. परंतु येथे ती फोल ठरते. ‘ऑबा’ची दोन्ही अक्षरे मध्य सुराची, निषेधवाचक ‘को’ नीच, ‘सो’ मध्य. स्थाननाम ‘कोसो’चे सूरही नीच आणि मध्य हेच. म्हणजे मध्य, मध्य, नीच, मध्य ही मालिका दोन्हीकडे एकच येते. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा निखळ सभंग श्लेष होय : ध्वनी तोच, पदच्छेद निराळा.

परंतु योरुबा वाक्यरचनेत ह्यापुढील दोन नियम आहेत, आणि ते येथे निर्णायक नसले तरी मार्गदर्शक आहेत. पहिला संबंधदर्शक रचनेचा. ‘अमक्याचे तमके’ म्हणावयाचे असता योरुबात आधी वस्तू आणि मग तिचा धनी येतो, मध्ये प्रत्यय नसतो. परंतु धन्याचे नाव व्यंजनाने आरंभत असेल, तर आधीच्या शब्दाचा अंत्य स्वर एका मात्रेने मध्य सुरात लांबतो. ‘इले’ म्हणजे घर. ताइवोचे घर म्हणावयाचे तर उच्चार ‘इले-ए ताइवो’ असा होतो. रूढ लेखनात ही मात्रा बहुधा दाखवीत नाहीत. म्हणजे ‘कोसोचा राजा’ हे सामान्य बोलण्यात ‘ऑबा-आ कोसो’ असे ऐकू यावयास हवे. निषेधवाक्यात ह्या मात्रेला स्थान नाही.

दुसरा नियम होकारार्थी वाक्याचा. ‘मूल गेले’ अशा साध्या विधानात कर्त्याच्या अंत्य अक्षरावर उच्च सूर चढतो. ह्या सुराचे नेमके स्वरूप काय, तो कर्त्याचा भाग की क्रियापदापूर्वीचा स्वतंत्र शब्द, यावर बामग्बोशे आणि अवोबुलुयी ह्या दोन थोर वैयाकरणांत मतभेद आहे. परंतु तो सूर तेथे असतो आणि ‘को’ ह्या निषेधापूर्वी नसतो, एवढे आपणांस पुरे. म्हणून निंदकांचे ‘राजाने गळफास घेतला’ हे वाक्य मध्य, उच्च, मध्य असे उमटते. ह्याचा परिणाम लक्षणीय आहे. योरुबांचे बोलके ढोल शब्दांचे सूर वाजवितात. व्यंजने वाजवीत नाहीत. तेव्हा आरोप आणि त्याचा निषेध हे ढोलावर स्पष्ट निराळे ऐकू येतील. निषेध आणि पदवी मात्र, ती एक मात्रा गळाली की, एकच होऊन जातील. सामूहिक जयघोषात स्वर मुळातच ताणले जातात, म्हणून उत्सवातील उच्चाराच्या आधारे त्या मात्रेचा निवाडा करता येत नाही. लेखन ती दाखवीत नाही आणि घोष ती झाकून टाकतो. दोन वाचनांचा वाद इतका दीर्घकाळ का चालला, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

तिसरा मुद्दा शब्दार्थाचा. ‘सो’ ह्या धातूचा अर्थ बांधणे, लटकणे, फळ धरणे अशा कक्षेत फिरतो. गळफास घेणे ह्या अर्थी प्रचलित शब्द ‘पोकुन्सो’ असा आहे, आणि त्यात ‘ओकुन’ म्हणजे दोर हा अवयव स्पष्ट आहे. दोराचा उल्लेख न करता नुसत्या ‘सो’ने आत्मघात सुचविणे अशक्य नाही, परंतु श्रोत्याला कथा आधीच ठाऊक असेल तरच ते सुचेल. म्हणजे निषेधाचे वाचन कथेवर उभे आहे. कथा त्या वाचनातून सिद्ध होत नाही.

४

पदवीच्या पक्षाला ह्याखेरीज दोन आधार आहेत. पहिला, कोसो हे स्थान घोषावाचून स्वतंत्रपणे विद्यमान आहे. अलाफिनच्या राज्याभिषेकाच्या विधींत कोसो येथील शांगोस्थानाला असलेले महत्त्व खुद्द जॉन्सन यांनीच नोंदविले आहे. शिवाय जुने ओयो एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात उजाड झाले आणि राजधानी दक्षिणेस आजच्या ठिकाणी आली. कोसोचे देवस्थान मात्र नव्या ओयोतही आहे. एखादी घटना जेथे घडली ते स्थळ उचलून नेता येत नाही. देवस्थानाचे नाव नेता येते. कोसो हे नाव कथेतील एका झाडापेक्षा राजपदाशी अधिक घट्ट जखडलेले दिसते.

दुसरा आधार कथांच्या परस्परविसंगतीचा. जॉन्सन यांच्याकडे विनाश विजेच्या प्रयोगातून येतो, लादिपो यांच्याकडे सेनापतींच्या कलहातून. कारणे बदलतात, पात्रे बदलतात. अखेरचे वाक्य तेवढे बदलत नाही. ज्या कथेचा शेवट पक्का आणि वाट अनिश्चित असते, तिच्याविषयी एक संशय घेणे रास्त ठरते : ती शेवटाच्या स्पष्टीकरणासाठी मागाहून रचली गेली असावी. विठोबाचे नाव विटेवरून आले असे सांगणाऱ्या कथांशी परिचय असलेल्या आपल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही.

तरीही एक आक्षेप टाळता येत नाही. पदवी म्हणून संबोधावयाचे तर संपूर्ण वाक्य कसे चालेल, असा युक्तिवाद पदवीच्या बाजूने करण्याचा मोह होतो. तो योरुबाच्या बाबतीत टिकत नाही. ह्या भाषेत आकसलेली वाक्येच पदव्या होतात. ओशोग्बोच्या राजाची ‘अताओजा’ ही पदवी ‘हात पसरून मासा घेणारा’ अशा अर्थाच्या शब्दसमूहातून आली असे तेथील परंपरा सांगते, आणि ओशुन नदीदेवतेने संस्थापक राजाला दिलेल्या कौलाची कथा तीत साठविते. राजाला व शांगोलाही लावली जाणारी ‘काबियेसी’ ही उपाधी ‘तुला जाब विचारणारा कोणी नाही’ अशा निषेधवाक्यातून आली असे सामान्यतः मानतात. तेव्हा निषेधवाक्य हे राजाचे नाव होऊ शकत नाही असे म्हणता येत नाही. उलट काबियेसीच्या शेजारी ते शोभूनच दिसते. किंबहुना योरुबा श्रोत्याचा कान प्रत्येक पदवीत दडलेले वाक्य शोधण्यास सरावलेला असतो, आणि ‘कोसो’ऐवजी ‘को सो’ ऐकण्यास हा सरावच पुरेसा आहे. त्याला मिशनऱ्याची गरज नाही. इशोलांच्या पक्षातील उणीव नेमकी येथे आहे : जे काम भाषा स्वतः करू शकत होती, त्याचे कर्तृत्व त्यांनी बाहेरच्यांकडे दिले. ख्रिस्ती लेखनाने कथेला छापील स्थैर्य दिले असेल. श्लेष मात्र त्याआधीच तयार होता.

अटलांटिकपार गेलेला पुरावाही येथे तपासण्याजोगा आहे. गुलामांच्या व्यापारातून ब्राझीलला नेलेल्या योरुबांनी शांगोची पूजा तेथे रुजविली. कांदोम्ब्ले पंथात ‘ओबा कोसो’ हे शांगोच्या एका रूपाचे नाव आहे, आणि काबियेसीचे रूपांतरित रूप तेथील वंदनात आजही ऐकू येते. व्यवहारात पोर्तुगीज बोलणाऱ्या भक्ताला ‘को’ आणि ‘सो’ वेगळे ऐकू येण्याचे कारण नाही. त्याच्या मुखी ते केवळ नाव आहे, आणि नाव म्हणून ते पूर्ण समर्थ आहे. यावरून कोणता अर्थ आधीचा हे ठरत नाही. परंतु निषेधाचा अर्थ लोपला तरी घोष लुळा पडत नाही, एवढे ठरते.

५

आता निषेधाच्या स्वभावाकडे वळू. निषेधाला प्रसक्ती लागते, हे आपल्या मीमांसकांचे व वैयाकरणांचे जुने तत्त्व आहे. जे प्राप्तच नाही त्याचा निषेध कोणी करीत नाही. ‘राजाने गळफास घेतला नाही’ हे वाक्य कानी पडताच, घेतला असे कोणी तरी म्हणाले होते हे त्याच क्षणी कळते. ज्या क्षणी घोषाला निषेध मानावे, त्या क्षणी तो खंडनाबरोबर आरोपालाही वर्षानुवर्षे जिवंत ठेवतो. पदवी मानावी तर आरोपाचे नावही उरत नाही.

ह्या निकषावर नाटक आणि उत्सव वेगळे करावे लागतात. लादिपो यांच्या नाटकात प्रसक्ती रंगमंचावरच निर्माण होते : राजाचा अंत प्रेक्षकांसमोर घडतो, निंदा होते, आणि मग घोष येतो. तेथे घोषाला निषेध मानणे अपरिहार्य आहे, आणि आर्मस्ट्राँग व त्यांच्या सहकाऱ्यांचा अनुवाद नाटकाशी प्रामाणिक आहे. चूक झाली ती नंतरच्या वाचकांची, आणि त्यांत प्रस्तुत लेखकही आला. नाटकाच्या शीर्षकाचा अनुवाद आम्ही उत्सवाच्या घोषाला लावला. उत्सवातील घोष कथेवाचून उभा राहतो. तो राजाभिषेकाच्या स्थानाकडे, गादीकडे आणि देवाच्या सत्तेकडे बोट दाखवितो. नाटककाराने श्लेषाचे एक अंग उजळले, हा त्याचा अधिकार. अभ्यासकाने दुसरे अंग पुसून टाकावे, हा मात्र कोणाचाच अधिकार नव्हे.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. उपलब्ध व्याकरण, स्थाननामाचे स्वातंत्र्य आणि कथांची अस्थिरता ही पाहता ‘कोसोचा राजा’ हा अर्थ मूळचा असण्याचा संभव अधिक आहे, आणि निषेधाचा अर्थ श्लेषातून उगवलेली लोकव्युत्पत्ती आहे. परंतु लोकव्युत्पत्ती म्हणजे टाकाऊ भ्रम नव्हे. घोष देणाऱ्या समाजाने तो अर्थ ऐकला, त्यावर कथा रचली, नाटक केले. तो त्या घोषाच्या इतिहासाचा भाग झाला. तो मूळचा अर्थ आहे असे सांगणे चूक, आणि तो परक्यांनी लादलेला आहे असे सांगणेही अपुऱ्या आधाराचे. जॉन्सन यांनी श्लेषाचा एक अर्थ इतिहास म्हणून नोंदविला. इशोलांनी त्या इतिहासाला कट म्हटले. दोघांनीही श्लेषाला श्लेष म्हणून पाहिले नाही.

हा निष्कर्ष तपासण्याचा मार्गही उघड आहे, आणि विभागातील विद्यार्थ्यांनी त्याची नोंद घ्यावी. घोषाचा नव्हे, तर ओयोतील भाषकाच्या साध्या संभाषणाचा उच्चार मोजावा. कोणी सहज बोलताना ह्या देवाचा उल्लेख ‘ऑबा कोसो’ असा करील, तेव्हा ‘ऑबा’च्या अंत्य स्वराची मात्रा लांबते की नाही, हे यंत्राने मोजता येईल. ती लांबत असेल तर बोलणाऱ्याच्या मनात संबंधदर्शक रचना जिवंत आहे. लांबत नसेल तर दोन शक्यता उरतील : त्याच्या मनात निषेध आहे, किंवा नाव इतके जुने झाले आहे की त्यात रचनाच उरलेली नाही. दुसरी शक्यता अशाच अन्य पदव्यांच्या उच्चाराशी ताडून पाहता येईल. देवाची अब्रू एका मात्रेवर टांगलेली आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु आमच्या वर्गातील अनुवाद मात्र त्या मात्रेवर टांगलेला आहे. ती मोजली जाईपर्यंत ह्या घोषाचा अर्थ फळ्यावर लिहिताना दोन्ही पदच्छेद लिहावेत, आणि ‘कोसोचा राजा’ हा वर लिहावा.